जाळी

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत
हळद पॉलिश करायचा आमचा कारखाना.
तीन ढोल, एक मोटर, अकरा माणसं.
मी काट्यावर बसते. पोतं येतं, आकडा ओरडते, आकडा लिहिते.
बसल्या जागेवरून दोन नंबरचा पट्टा सरळ दिसतो.
हे आधीच सांगून टाकते,
कारण चौकशीत मला कुणी विचारलंच नाही.

पट्ट्यावर जाळी होती, चार बोल्टांची.
पहिला झिजून पडला, केरात गेला.
दुसरा दगडूनं हातगाड्याला लावला.
चाक निखळत होतं, गाडा कुणाच्या तरी पायावर आला असता,
म्हणजे तीही एक काळजीच.
उरलेल्या दोघांवर जाळी दिवसभर खडखडायची,
कवळी सैल झालेल्या म्हाताऱ्यासारखी.
शौकत मिस्त्री म्हणायचा, बघू.
शेठ म्हणायचे, सीझन संपू दे.

सीझन संपला.
खंडेनवमीला आम्ही सगळी मशिनं धुतली,
जाळी काढून पट्ट्याला गंध लावलं,
मोटरीला झेंडूची माळ, ढोलापुढे नारळ.
आरतीचं ताट माझ्याच हातात होतं.
दुसऱ्या दिवशी जाळी भिंतीला टेकून उभी राहिली
आणि कुणीतरी तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

किती शांत झालं तेव्हा.
खरं सांगते, मला बरं वाटलं.
आकडे एकदाच ओरडले तरी पुरायला लागले.

फाल्गुनात नवा माल आला.
पट्ट्याखाली एक हळकुंड घरंगळलं
आणि रत्नव्वा ते काढायला वाकली.
एक हळकुंड.
माझ्या काट्यावर तेवढ्यानं आकडा हलतही नाही.

मोटर कुणी बंद केली, आठवत नाही.
बाबगोंडानं तिचा हात टॉवेलात गुंडाळला,
तोच टॉवेल,
त्यात हळद कुठली नि रक्त कुठलं, कळत नव्हतं.

साहेब आले. जबाबदारी कोणाची?
शौकतनं दगडूकडे पाहिलं,
दगडूनं शेठकडे,
शेठनी भिंतीवरच्या पाटीकडे.
पाटीवर हळदीचा थर असा बसला होता
की अक्षरं वाचायला साहेबांना रुमाल काढावा लागला.
मी काटा शून्यावर आणत होते.
तो शून्यावरच होता.

मिरजेच्या दवाखान्यात ती खिडकीकडच्या खाटेवर.
डाव्या हाताला बँडेज, त्याच्या कडेला पिवळं उमटलेलं.
नर्स म्हणाली, किती धुतलं तरी जाईना हो.
रत्नव्वा हसली. ती हरिपूरची.
"आमचा आबा पेवात उतरायचा," म्हणाली.
"आदी कंदील सोडायचा खाली.
कंदील इजला तर मानूस उतरायचा न्हाई, मग शेटजी का ओरडंना.
अन् दोर धराय वर चौघं.
एकानं तंबाखू मळाय हात काढला
तर तिघं हायतच की."
मग बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"तू काट्यावर हुतीस न्हवं त्या दिवशी?"

रागानं नाही. पोत्याचं वजन विचारावं, तसं.
व्हय, म्हणाले.
हा आकडा कुठल्या वहीत लिहायचा, कळेना.

आता जाळी जागेवर आहे. जुनीच, बोल्ट नवे.
शौकतनं दुकान उघडायच्या आत जाऊन आणले, स्वतःच्या पैशानं,
आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.
रत्नव्वा आता निवडायला बसते,
हळकुंडं उजवीकडून डावीकडे सारते,
डावीकडून उजवीकडे येताना थोडी सांडतात.
वाकायला कुणी घाई करत नाही.

संध्याकाळी वही मिटली की
मी पट्ट्यापाशी जाते.
चारी बोल्ट एकेक करून चिमटीत धरून बघते.
रोज त्यांच्यावर माझ्या आधीच
कुणाच्या तरी बोटांची हळद असते,
कधी एकाची, कधी तिघाचौघांची,
ठसे एकमेकांवर चढलेले.
कुणाचे, विचारलं नाही.
बोल्ट घट्ट असतात.
तरी बघते.